चार घास मानाचे



मानखुर्दच्या एका ताईंचे पत्र आमच्यासमोर आहे. वहीच्या दोन पानांवर, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. ताई रोज चार घरी पोळी-भाजीची कामे करतात. यजमान महापालिकेच्या सफाईच्या कामावर आहेत, तेही कंत्राटी. घरी सासूबाई, एक मुलगी, एक मुलगा. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. त्या लिहितात :

"दादा, निकालाच्या दिवशी पोरगी म्हणाली, आई, आज तू गॅस पेटवायचा नाहीस. आपण सगळे हॉटेलात जाऊ. मी म्हटलं, घरी मटण करते, पुरी-श्रीखंड करते, हॉटेलात काय ठेवलंय? ती म्हणाली, घरी केलं तर करणार तूच. खरं सांगते दादा, लग्नाला एकवीस वर्षं झाली, मला कुणी बसवून वाढलंय असं आठवत नाही. पण भीती वाटते. काचेच्या दारातून आत जायचं, कार्ड इंग्रजीत असतं, बिल किती होईल कळत नाही. सासूबाई तर म्हणतात, मला नका नेऊ, मला तिथलं बसणं जमायचं नाही. तुम्ही हापिसातले माणूस, मुंबई फिरलेले. आमच्यासारख्यांनी जावं असं हॉटेल सांगा."

पत्र वाचले आणि आमच्या लक्षात आले, की इतकी वर्षे आम्ही या पानावर शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्ड, भविष्यनिर्वाह निधी, जातपडताळणी अशा नाना गोष्टी लिहिल्या. पण कुटुंबाने बाहेर जाऊन जेवावे कुठे, हे एकदाही लिहिले नाही. जणू तो आपला प्रांतच नव्हे. म्हणून आजचे सदर या ताईंसाठी, आणि ज्यांच्या मनात हाच प्रश्न आहे पण ज्यांनी पत्र लिहिले नाही, त्या सर्वांसाठी.

प्रथम सासूबाईंविषयी. "मला तिथलं बसणं जमायचं नाही," हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले आहे. आमच्याच घरात.

आम्हांला नोकरी लागली आणि पहिला पगार झाला, त्या रविवारी आम्ही आईला घेऊन दादरला गेलो. एका साध्या उपाहारगृहात बसलो. मिसळ खाल्ली, चहा घेतला. चहा संपला तशी आई उठली, स्वतःची कपबशी उचलली आणि हात धुण्याच्या बेसिनकडे चालू लागली. आम्हांला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाजूच्या टेबलावरची माणसे बघत होती. वेटर धावत आला, म्हणाला, "आजी, राहू द्या, ते माझं काम आहे." आम्ही मात्र आईला दबक्या आवाजात रागावलो : "खाली ठेव ती, लोक हसतात."

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना तिने सांगितले. तिच्या लहानपणी गावच्या एस.टी. स्टँडवर चहाचे हॉटेल होते. आपल्या माणसांसाठी कान तुटलेल्या दोन कपबश्या बाहेर वळचणीला खोचलेल्या असत. कप काढायचा, धरायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, पिऊन झाले की कप विसळून परत तिथेच खोचायचा. "तो हात आपोआप गेला रे," ती म्हणाली. "मला काय माहीत, इथं कोण धुतं?"

बी.कॉम. झालेले आम्ही, सभांतून भाषणे करणारे आम्ही, आणि आपल्या आईच्या हाताला काय ठाऊक आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. लाज कशाची वाटायला हवी होती आणि कशाची वाटली, याचा हिशेब अजून लागलेला नाही. तेव्हा ताई, सासूबाईंना 'जमत नाही' यामागे काय आहे ते एकदा जवळ बसून विचारा. रागावू नका. आणि त्यांना घेतल्याशिवाय जाऊ नका.

आता हक्काची गोष्ट. अनेक हॉटेलांच्या दारावर इंग्रजीत पाटी असते, तिचा अर्थ 'प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे'. ही पाटी वाचून आपली साधी माणसे दचकतात. दारू पिऊन दंगा करणाऱ्याला मालक बाहेर काढू शकतो, इतपत ती ठीक आहे. पण जात, धर्म, वंश, लिंग वा जन्मस्थान पाहून कुणाला अडविण्याचा हक्क कोणत्याही मालकाने राखून ठेवलेला नाही, कारण तो त्याला कधी मिळालेलाच नाही. संविधानाच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांची नावे घेऊन हे सांगितलेले आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचे नाव यावे, हे आश्चर्य वाटेल. पण ज्यांनी तो मसुदा घडविला त्यांना उपाहारगृह म्हणजे काय हे अनुभवाने माहीत होते. १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी गेलेल्या बाबासाहेबांना राहायला हॉटेल मिळेना. पारशी सराईत त्यांनी कसाबसा आसरा घेतला आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिले, त्याचा मतितार्थ असा, की येईल त्याला आपली सेवा देण्यास जो बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान. म्हणजे न्हावी, धोबी, सगळे त्यात आले. त्याच दिवशी सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही स्वीकारले.

पुढे १९५५ साली कायदा झाला. त्यालाच आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलात जाण्याची आडकाठी तर गुन्हा आहेच. पण सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. आमच्या आईची वळचणीची कपबशी त्या कलमात अशी नावासकट बसलेली आहे. कायदा झाला तेव्हा ती जन्मली नव्हती वा पाळण्यात होती, आणि तरी ती कपबशी तिच्या वाट्याला आलीच, ही गोष्ट निराळी.

मुंबईत दारात जात कुणी विचारीत नाही. इथे अडविते ते खिसा आणि मनातली धास्ती. खिशाचे आपण पुढे पाहू. आधी जागा पाहू.

आम्ही ज्या जागा सांगणार आहोत त्या सर्व जुन्या, परिचित आणि साध्या आहेत. काचेच्या दाराची धास्ती ज्यांना वाटते त्यांनी सुरुवात इराण्यापासून करावी. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत गेले की धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळ कयानी आहे. १९०४ सालचे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, उंच छत. बनमस्का, खिमा-पाव, अकुरी म्हणजे मसाल्याची मोकळी अंडी, आणि मावा केक. इराणी लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द वगैरे भागांतून आले, नाक्यानाक्यावर हॉटेले थाटली आणि गिरणी कामगारापासून वकिलापर्यंत सर्वांना एकाच टेबलावर बसविले. एक कप चहा घेऊन तासभर बसले तरी उठा म्हणत नसत. आमचे वडील सांगत, मुंबईत आल्यावर खुर्चीवर बसून चहा पिण्याचा पहिला प्रसंग इराण्याकडेच आला. बडोद्याची ती सराई पारशांची आणि मुंबईतले बहुतेक इराणी त्यांचेच धर्मबंधू! माणूस जातीने वा धर्माने ठरत नाही, तो वागण्याने ठरतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते? इराणी हॉटेले आता थोडी उरली आहेत. मुलांना तेथे एकदा अवश्य न्यावे.

दुसरी पायरी माटुंग्याची. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला उतरले की दक्षिणी खाण्याची पंढरीच आहे. स्टेशनासमोर मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचे. आधी गल्ल्यावर कुपन घ्यायचे, मग बसायचे. त्यामुळे जेवणाचे पैसे किती हे आधीच कळते, नंतर धसका नाही. ताटातली मर्यादित थाळी आणि केळीच्या पानावरची पोटभर थाळी, असे दोन प्रकार. रस्सम, सांबार, भाज्या, पापड, ताक. ज्यांना भूक मोठी आणि खिसा लहान त्यांनी पान घ्यावे. जिना मात्र चढावा लागतो, गुडघे दुखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. त्यांच्यासाठी स्टेशनाजवळच राम आश्रय आहे. इडली, उपमा आणि अननसाचा शिरा. थोडे पुढे, किंग्ज सर्कलजवळ कॅफे मद्रास, १९४० चे; तिथली रस्सम-इडली आणि नाचणीचा डोसा नावाजलेला. रविवारी सकाळी या दोन्ही ठिकाणी नाव सांगून बाहेर उभे राहावे लागते. बड्या गाडीतून उतरलेला शेठही आपल्याच मागे उभा असतो आणि नंबर आला की आपले नाव आधी पुकारले जाते. मुलांना हे दृश्य दाखवावे, त्यातूनही शिक्षण होते.

तिसरे दादर. सहा डिसेंबर आणि चौदा एप्रिल यांमुळे दादर आपल्या सर्वांच्या पायाखालचे. पश्चिमेला स्टेशनला लागूनच मामा काणे यांचे उपाहारगृह, १९१० पासूनचे. बटाटेवडा खावा तर तिथे. सेनाभवनाच्या समोर, गडकरी चौकात आस्वाद. १९८६ चे. मिसळ, थालीपीठ, कोथिंबीर वडी. त्यांच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये पुरस्कार मिळाला. आपण पावाबरोबर गुपचूप खातो त्या कामगाराच्या न्याहारीला साहेबाच्या देशात बक्षीस! तिथून जवळच प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. वडापाव तर दादर स्टेशनबाहेरच १९६६ च्या सुमारास जन्मला असे सांगतात, तो गिरणगावच्या पाळ्यांनी वाढविला. त्यासाठी हॉटेलची गरज नाही.

मासळी खाणाऱ्यांसाठी दादर पश्चिमेलाच सिंधुदुर्ग आहे. थाळीत तळलेला तुकडा, कालवण, भात, चपाती वा वडे आणि सोलकढी. सुरमई-पापलेटची थाळी महाग, बांगडा-मांदेलीची स्वस्त. मासळीचा दर बाजाराप्रमाणे रोज फिरतो, म्हणून कार्डावर आकडा नसेल तर आधी विचारावे. त्यात कमीपणा नाही. मंडईत आपण भाव विचारतोच की.

मटणासाठी भेंडीबाजार. नूर मोहम्मदीची नल्ली निहारी सकाळच्या वेळी खावी. रमजानच्या महिन्यात मिनारा मशिदीच्या गल्लीत संध्याकाळनंतर जावे. मातीच्या वाटीतली फिरनी, मालपुवा, कबाब. गर्दी फार, लहान मुलांचा हात सोडू नये. आमच्या कार्यालयातल्या शिपायाने आम्हांला पहिल्यांदा नेले. त्याच्या घरच्या माणसांनी जी जागा करून दिली ती आम्ही विसरलो नाही.

सी.एस.एम.टी.ला कामासाठी गेलात, मंत्रालयात खेटे घालून दमलात, तर स्टेशनजवळ पंचम पुरीवाला आहे. गरम पुऱ्या, बटाट्याची भाजी, टेबलावर बसून. समोरच्या बाजूला कॅननची पावभाजी, तिथे उभ्यानेच खावे लागते.

येथे एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकतो. दर दुसऱ्या दारावर 'शुद्ध शाकाहारी' असे लिहिलेले दिसते. कुणी शाकाहारी असणे यात काहीच वावगे नाही. आपल्यातलेही कितीतरी जण आहेत, आणि आम्ही वर सांगितलेल्या अनेक जागा शाकाहारी आहेत. पण 'शाकाहारी' एवढे लिहिले तरी काम भागते. 'शुद्ध' कुणासाठी लिहायचे? एक शुद्ध म्हटले की दुसरा आपोआप काय ठरतो, हे आपल्याइतके कुणाला कळणार? पाटी पाहून आम्ही परत फिरत नाही. आत जाऊन इडली खातो, पैसे देतो. पण मनात एवढे म्हणून घेतो.

पूर्वी मुंबईत बाहेर जेवणे म्हणजे खानावळ. एकटे आलेले गिरणी कामगार चाळीतल्या एखाद्या बाईच्या घरी महिन्याच्या बोलीवर जेवत. खानावळी बहुधा गाववाल्यांच्या, जातवाल्यांच्या. म्हणजे माणूस गाव सोडून आला तरी ताट गावातच राहिले! त्या बायका पहाटेपासून रांधत, वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज फेडीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, बँकेचे कर्ज मिळवून दिले. रांधणाऱ्या बाईचे श्रम म्हणजे धंदा आहे, तिची पत आहे, हे बँकेला पटविणे सोपे नव्हते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खानावळीही गेल्या. मानखुर्दच्या ताई, तुम्ही त्या बायकांच्याच वारस आहात. शहराला जेवू घालणाऱ्या हातांना एक दिवस कुणी जेवू घालावे, यात चैन कसली?

आता खिशाचे. आम्ही हिशेबाचे माणूस, तेव्हा हे नीट सांगतो.

पहिले, जाण्याआधी घरी बसून रक्कम ठरवा आणि सर्वांना सांगा. मुलांनाही. "आज इतके रुपये आहेत, त्यात बसेल ते मागवू," असे सांगितले की मुले हट्ट करीत नाहीत, उलट कार्ड घेऊन बेरीज करू लागतात. आमची धाकटी तर असे गणित शिकली.

दुसरे, कार्ड उजवीकडून वाचू नका, अशी चेष्टा शिकलेले लोक करतात. आम्ही म्हणतो, खुशाल उजवीकडून वाचा. आकडा सर्वांना कळतो. इंग्रजी नाव कळले नाही तर वेटरला विचारा, "दादा, यात काय असतं? किती जणांना पुरतं?" तो सांगतो. त्याच्या कामाचाच तो भाग आहे.

तिसरे, कर. साध्या उपाहारगृहात जी.एस.टी. पाच टक्के लागतो, नोव्हेंबर २०१७ पासून. बिलावर तो अडीच आणि अडीच असा दोन ओळींत दिसतो, केंद्राचा आणि राज्याचा. कर घेणाऱ्याने बिलावर आपला पंधरा आकडी-अक्षरी नोंदणी क्रमांक छापलाच पाहिजे. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. लहान हॉटेले ज्या एकत्रित कराच्या योजनेत असतात, त्यांना तो कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. गिऱ्हाईकाकडून घेता येत नाही. नोंदणी क्रमांक नाही आणि कर मात्र लावला आहे, असे दिसले तर विचारा.

चौथे, सेवा शुल्क. हा सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले, की हॉटेलने तो आपोआप बिलात जोडू नये, तो गिऱ्हाईकाच्या मर्जीवर आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. आता हिशेब पाहा. समजा, जेवण ८०० रुपयांचे झाले. पाच टक्के कर ४० रुपये, एकूण ८४०. पण दहा टक्के सेवा शुल्क लावले तर ८८० होतात, त्यावर कर ४४, एकूण ९२४. फरक ८४ रुपयांचा. ८४ रुपयांत घरी दोन वेळची भाजी येते. तेव्हा नम्रपणे सांगा, "हे शुल्क काढून टाका." नाही ऐकले तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे, तो लावा.

मागे आम्ही एका मोठ्या हॉटेलात हे सांगितले. मॅनेजर आमच्या चपलेकडे पाहून म्हणाला, "परवडत नसेल तर राहू द्या." आम्ही म्हटले, परवडण्याचा प्रश्न नाही, नियमाचा आहे. पाच मिनिटे गेली, आवाज कुणी चढविला नाही, आणि बिल बदलून आले. मग खिशातून वीस रुपये काढून ज्या मुलाने वाढले त्याच्या हातात दिले. मालकाला द्यायचे की वाढणाऱ्याला, हे आपण ठरवायचे.

पाचवे, पाणी. बसल्याबसल्या वेटर विचारतो, "बिसलेरी की साधं?" साधे मागा. मोठ्या हॉटेलात बाटली छापील किमतीपेक्षा जास्तीला विकता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेला आहे, म्हणून तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. 'साधं' म्हणताना मात्र मान खाली घालू नका. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांची आपण लेकरे आहोत. आपण पाणी मागताना लाजावे हे बरे नव्हे.

सहावे, उरलेले अन्न बांधून मागा. पैसे दिलेले आहे ते आपले आहे.

आणि शेवटचे, वाढणाऱ्याशी नीट बोला. "ए पोऱ्या" म्हणू नका. तो कुठून तरी आलेला, कुणाचा तरी मुलगा, आपल्यासारखाच कामगार. चौदा वर्षांखालचे मूल हॉटेलात कामाला ठेवणे २००६ च्या ऑक्टोबरपासून बंद आहे. दिसले तर बालमदतीच्या १०९८ क्रमांकावर कळवा. ज्याच्या हातून शाळा सुटली त्याने वाढलेले आपल्या मुलाच्या निकालाचे जेवण गोड कसे लागेल?

तर ताई, तुमच्यापुरते आमचे सांगणे असे. पाच माणसे, सासूबाईंना दात नाहीत, मुलाला मासळी हवी, असे तुम्ही लिहिले आहे. रविवार टाळा, गर्दी असते. मधल्या वारी, संध्याकाळी लवकर निघा. मानखुर्दहून हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून दादर. पश्चिमेला उतरून सिंधुदुर्गला जा. दोन मासळीच्या थाळ्या, एक साधी थाळी, वर एखादी सोलकढी आणि भात जास्तीचा मागवा. पाच जणांत पाच थाळ्या घेतल्याच पाहिजेत असा नियम नाही. सासूबाईंना सोलकढी-भात कालवून द्या. पैसे थोडे कमी पडत असतील तर एक स्टेशन अलीकडे माटुंग्याला उतरून राम आश्रय; इडली त्यांना चावावी लागणार नाही, मुलाची मासळी पुढच्या निकालाला. निघण्यापूर्वी हॉटेलला फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या; दर आणि वेळा बदलत असतात.

साडी जी स्वच्छ असेल ती नेसा. कुणी बघेल असे वाटेल. बघू द्या. ते आपल्या ताटाकडे बघत असतात, आज काय चांगले आहे ते. आम्हीही तेच करतो.

आणि एक करा. मुलीला म्हणावे, मागवायचे काम तिचे. आजीच्या शेजारी तिनेच बसावे. जेवण झाल्यावर आजींचा हात ताटाकडे गेला, तर तिने तो धरून ठेवावा. रागावून नव्हे.

आमची आई आता सत्तरीला आली आहे. हल्ली ती आमच्याबरोबर दादरला येते तेव्हा आम्हांला विचारीत नाही, स्वतःच सांगते, "एक मिसळ, तर्री वेगळी आण, आणि गरम आण, मागच्या खेपेला कोमट होती." वेटर हसतो. कपबशी मात्र ती चहा संपला की अजूनही टेबलाच्या कडेला सरकवून ठेवते, नीट, कान बाहेरच्या बाजूला करून. धुवायला उठत नाही.

वाचकहो, तुमच्या पाहण्यात अशा जागा असतील तर पत्राने कळवा. पुणे, नागपूर, ठाणे, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही. तीन गोष्टी लिहा : कुटुंबाला बसायला जागा आहे का, दर भिंतीवर वा कार्डावर स्पष्ट लिहिले आहेत का, आणि साध्या कपड्यातल्या माणसाशी तिथले लोक कसे बोलतात. चवीचे शेवटी लिहिले तरी चालेल. आलेली नावे या पानावर देऊ.

मानखुर्दच्या ताईंनी जेवून आल्यावर काय मागवले, बिल किती झाले आणि सासूबाई काय म्हणाल्या, ते अवश्य लिहावे. आम्ही वाट पाहतो आहोत.

जयभीम.